विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राचा प्राध्यापक व्हायचंय? सीमाभागातल्या उमेदवारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी मुलामुलींचे फोन भरतीची जाहिरात निघाली की सुरू होतात. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला, नंतर काही वेळा निवड समितीत विषयतज्ज्ञ म्हणून टेबलाच्या पलीकडेही बसलो. आपली मुलं ज्ञानात कमी पडताना मी फारशी पाहिली नाहीत. ती अडकतात कागदात. एखादा कागद सीमेच्या चुकीच्या बाजूचा निघतो आणि दहा वर्षांचा अभ्यास बाहेरच्या बाकावर बसून राहतो. म्हणून खाली कागदांविषयी जरा जास्तच लिहिलंय, कंटाळा आला तरी वाचा.

गुन्हेगारीशास्त्र म्हणजे नक्की काय शिकवायचं? कायदा की फॉरेन्सिक?

दोन्ही थोडं थोडं, पण मूळ विषय वेगळा. माणूस गुन्हा का करतो, समाज कशाला गुन्हा म्हणतो, शिक्षेने काय साधतं, पीडिताचं पुढे काय होतं, तुरुंग आणि परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवणं) कशी चालते, पोलीस यंत्रणा कशी वागते, हे सगळं यात येतं. लोंब्रोसो, दुर्खेम, सदरलँड, मर्टन या अभ्यासकांचे सिद्धांत सांगावे लागतात आणि त्याच आठवड्यात बाल न्याय कायदाही. बोटांचे ठसे, रक्त, विष यांची प्रयोगशाळेतली तपासणी म्हणजे न्यायसहायक विज्ञान. काही विद्यापीठांत हे दोन्ही विषय एकाच विभागात नांदतात. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात १९५९ साली या विषयाचा विभाग सुरू झाला तेव्हापासून ही जोडी चालत आली आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही विभागाच्या नावात दोन्ही आहेत. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात मात्र विभागाचं नाव गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय असं आहे.

नावातला हा फरक किरकोळ समजू नका. न्यायसहायक विज्ञानातला एमएस्सी उमेदवार आणि गुन्हेगारीशास्त्रातला एमए उमेदवार एकाच जाहिरातीला बसतातच असं नाही. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांचे संकेतांक अनुक्रमे ८२ आणि ६८.

माझं एलएलएम झालंय, किंवा एमएसडब्ल्यू, किंवा समाजशास्त्रात एमए. अर्ज करू का?

जाहिरातीतली एक ओळ बघा: 'संबंधित, सुसंगत किंवा संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी'. संलग्न विषय कोणते हे कंसात दिलं असेल तर प्रश्न मिटला. दिलं नसेल तर कुलसचिव कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा. तोंडी 'चालतंय की' वर भरवसा ठेवून अर्जाची फी भरलेले किती तरी जण मला भेटलेत. छाननी करणारा माणूस फोनवर बोललेला माणूस नसतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर समाजशास्त्र आणि समाजकार्यातून आलेली मुलं हा विषय चांगला शिकवतात. फक्त कायदा शिकलेल्याला कलम पाठ असतं, पण चोरी का वाढली हे सांगताना अडखळायला होतं. मताला छाननीत किंमत नाही, हेही सांगून ठेवतो.

आमचे काका पोलीस उपअधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांना प्राध्यापक होता येईल?

नियमित पदावर पात्रतेशिवाय नाही. पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हा मार्ग खुला केला. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, वरिष्ठ पातळीवरचा अनुभव लागतो, पदव्यांची अट नाही, नेमणूक ठरावीक मुदतीची असते आणि अशी पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. काकांना सांगा, वर्गात पोलिसी आवाज लावायचा नाही.

महाराष्ट्राची सेट पास आहे. बेळगावात चालेल का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे उत्तर लक्षात ठेवा.

नेट देशभर चालते. सेट म्हणजे राज्यपातळीची पात्रता परीक्षा, ती ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. १ जून २००२ नंतरच्या सगळ्या सेट प्रमाणपत्रांना हा नियम लागू आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातर्फे होणारी सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी आहे. कर्नाटकासाठी वेगळी के-सेट आहे. ती आधी म्हैसूर विद्यापीठ घ्यायचं, २०२३ पासून कर्नाटक परीक्षा प्राधिकरण म्हणजे केईए घेतं.

आता आपल्या भागात काय होतं ते बघा. मुलगा खानापूर तालुक्यातला, शिक्षण मराठी माध्यमातलं. पदवी बेळगावात, एमए कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, कारण तिथे मराठीत लिहिता येतं आणि मावशीकडे राहता येतं. वर्गातले सगळे महाराष्ट्राची सेट देतात म्हणून यानेही दिली, पहिल्या फटक्यात पास. घरी पेढे वाटले. तीन वर्षांनी बेळगावात जागा निघाली, जाहिरातीत त्याचा विषय संलग्न म्हणून धरलेला होता, अर्ज केला आणि छाननीतच नाव गेलं. असा एक उमेदवार आम्ही समितीत बसलेल्या दिवशी बाहेर उभा होता. आत यायचा प्रश्नच नव्हता, तो फक्त कारण विचारायला आला होता. त्याला कारण सांगणं माझ्या वाट्याला आलं. सेटच्या प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करून आणलं होतं त्याने.

म्हणून सरळ सांगतो, नेट द्या. नेट जमत नसेल तर के-सेट, तेही त्या वर्षीच्या जाहिरातीत तुमचा विषय आहे का बघून. महाराष्ट्राची सेट हाताशी असेल तर गोव्याकडे लक्ष ठेवा. चोर्ला घाट उतरला की तीच सेट पुन्हा जिवंत होते!

पीएचडी सक्तीची आहे का? कोणी हो म्हणतं, कोणी नाही.

दोघंही कधी ना कधी बरोबर होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठ विभागातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएचडी सक्तीची होणार होती. कोविडमुळे ती तारीख १ जुलै २०२३ वर गेली. तो दिवस उजाडायच्या आदल्या दिवशी, ३० जून २०२३ ला, यूजीसीने नियम बदलला: सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट (सेटचंच दुसरं नाव) ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एका नव्या नियमावलीचा मसुदा आला. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कात्रणावर जाऊ नका, जाहिरातीत कोणत्या वर्षीच्या नियमावलीचा उल्लेख आहे तो बघा आणि तीच उघडून वाचा.

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेयर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट आहे. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर मात्र पीएचडीला पर्याय नाही, शिवाय ८ वर्षांचा अनुभव आणि किमान ७ शोधनिबंध. प्राध्यापकपदाला १० वर्षं आणि १० शोधनिबंध.

पीएचडी ऐच्छिक आहे तर करायची कशाला?

गुणांचा तक्ता बघितलात की कळेल. मुलाखतीला किती जणांना बोलवायचं हे ठरवताना यूजीसीचा तक्ता वापरतात. विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात पदवीला जास्तीत जास्त १५ गुण, पदव्युत्तरला २५, पीएचडीला ३०, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २, तेही जास्तीत जास्त १०. पुरस्काराला ३ पर्यंत.

समजा तुमचे बीएला ६४ टक्के, म्हणजे १३ गुण. एमएला ७१ टक्के, २३ गुण. नेटचे ५. तीन शोधनिबंधांचे ६. चार वर्षं शिकवलंत, ८. बेरीज ५५. शेजारच्या खुर्चीतल्याची सगळी माहिती अशीच आहे, फक्त पीएचडी जास्त. त्याची बेरीज ८५. एका जागेला आठ-दहा जणांना बोलवायचं ठरलं तर तुम्ही घरीच राहाल.

तक्ता मुलाखतीच्या दारापर्यंतच नेतो, हेही त्याच नियमावलीत लिहिलंय. आत गेल्यावर निवड मुलाखतीवर. विद्यापीठाने जाहिरातीसोबत वेगळा तक्ता दिला असेल तर अर्थातच तो लागू. आणि बीएला पन्नास-बावन्न टक्के असतील तर त्या रकान्यात फक्त ५ गुण मिळतात. अठराव्या वर्षी केलेला आळस पस्तिसाव्या वर्षी भोवतो तो असा.

नेटचा पेपर कसा असतो? मराठीतून देता येतो का?

मराठीतून नाही, प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत येतात. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या नावाने होते, महिना पुढेमागे होतो. सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी वयाची अट नाही. मराठी माध्यमातल्यांनी पारिभाषिक शब्दांची स्वतःची तीन रकान्यांची वही करावी: मराठी, इंग्रजी, कन्नड. तिसरा रकाना का, ते पुढच्या उत्तरात.

कन्नड किती यायला हवं?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. भाषेचा वाद घराघरांत आहे, त्यात मी इथे शिरत नाही. नोकरीचं गणित एवढंच आहे: राज्याच्या विद्यापीठात वर्ग, कार्यालय, परीक्षा, बैठका, सगळीकडे कन्नड आहे. सरकारी पदवी महाविद्यालयांसाठी केईएने १२४२ जागांची भरती काढली त्यातही कन्नडचा वेगळा सक्तीचा पेपर होता. विद्यापीठाच्या मुलाखतीत निदान एक तरी प्रश्न कन्नडमधून येतोच, आणि तो विषयाचा नसतो. 'ऊरू यावुदु?', म्हणजे गाव कोणतं, एवढं सोपं विचारलं तरी घाम फुटलेले उमेदवार मी बघितलेत, आणि तेही बेळगावात जन्मलेले.

बोलता येतं पण वाचता येत नाही, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. बाजारात, बसमध्ये, शेतात कन्नड बोलतो, पण परिपत्रक हातात आलं की शेजाऱ्याला विचारतो. सहा महिने रोज एक कन्नड वर्तमानपत्र, तेही गुन्हे वृत्ताचं पान, हा माझा सल्ला. विषयाची शब्दसंपत्तीही तिथेच मिळते. अपराध, आरोपी, साक्षी हे शब्द दोन्हीकडे आहेत, तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मंच शिकायचं असतं.

काही शब्द मात्र फसवतात. मराठीत व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू आणि चान्सलर म्हणजे कुलपती. कन्नडमध्ये कुलपती म्हणजेच व्हाइस चान्सलर, आणि राज्यपाल ते कुलाधिपती. एका उमेदवाराने अर्जाच्या पत्रात 'माननीय कुलपती' असं मराठी अर्थाने लिहून पत्र थेट राजभवनाच्या पत्त्यावर धाडलं होतं. दुसरा शब्द 'अतिथी उपन्यासक'. हिंदी वाचणाऱ्याला वाटतं पाहुणा कादंबरीकार. तो तासिका तत्त्वावरचा अधिव्याख्याता असतो, कादंबरी लिहायला त्याला वेळ कुठला.

मराठा समाजाचा दाखला कोणत्या प्रवर्गात येतो? महाराष्ट्रातला दाखला चालतो का?

कर्नाटकात मराठा समाज प्रवर्ग ३ब मध्ये आहे. दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय), तहसीलदारांच्या सहीचा, कर्नाटकातलाच लागतो. उत्पन्नाची अट आणि दाखल्याची मुदत दोन्ही तपासा. महाराष्ट्रातला मराठा, कुणबी किंवा इतर मागास दाखला इथे आरक्षणासाठी उपयोगाचा नाही. परराज्यातला उमेदवार सर्वसाधारण गुणवत्तेत धरला जातो.

सगळ्यात जास्त गोंधळ सुनांचा होतो. माहेर गडहिंग्लज किंवा चंदगड, सासर बेळगाव. जात जन्माने, म्हणजे वडिलांकडून ठरते. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलं म्हणून तिथलं आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलंय. लग्नाला पंधरा वर्षं झाली, रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, तरी दाखला इथला मिळत नाही, हे ऐकून बायका थक्क होतात. मला यातला न्याय कळत नाही, पण नियम असा आहे. अर्जात चुकीचा प्रवर्ग भरण्यापेक्षा सर्वसाधारणमधून भरलेला बरा.

बिदरकडच्या मराठी मित्रांसाठी एक ओळ: राज्यघटनेच्या कलम ३७१(जे) चा, म्हणजे शिक्षण आणि नोकरीतल्या प्रादेशिक आरक्षणाचा लाभ कल्याण कर्नाटकातल्या, बहुतांशी पूर्वीच्या हैदराबाद राज्यातल्या जिल्ह्यांना आहे. बेळगाव आणि विजापूर त्यात नाहीत, आपण १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतो.

मार्कशीटवर नाव वेगवेगळं आहे. अडचण येईल?

येईल. कर्नाटकच्या दहावीच्या दाखल्यावर नाव आधी, आडनाव नंतर, कधी नुसती आद्याक्षरं. कोल्हापूरच्या पदवीवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव. आधारवर तिसराच प्रकार. लग्नानंतर चौथा. शपथपत्र करून ठेवा, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत काढा, आणि हे जाहिरात निघायच्या आधी करा. शेवटच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात सगळे एकदम आलेले असतात.

निवड समितीत कोण असतं?

यूजीसीच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकासाठी कुलगुरू किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष. राज्यपालांनी नेमलेले एक शिक्षणतज्ज्ञ. विषयाचे तीन तज्ज्ञ. अधिष्ठाता आणि विभागप्रमुख. मागासवर्गीय, महिला, अल्पसंख्य किंवा दिव्यांग उमेदवार असेल आणि समितीत तसं कोणी नसेल तर तसा एक सदस्य. किमान चार जण हजर हवेत आणि त्यात दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ हवेत. राज्याच्या विद्यापीठांतली नेमणूक कर्नाटक राज्य विद्यापीठ कायदा, २००० खाली होते.

गुन्हेगारीशास्त्राचे विभाग देशात मोजके, त्यामुळे तज्ज्ञही मोजके. मद्रास, तिरुनेलवेली, सागर, धारवाड, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था अशा ठिकाणांहून येतात. चेन्नईहून आलेल्या माणसाला तुमचं मराठी कळणार नाही आणि तुमचं कन्नडही कळणार नाही. इंग्रजीतून पंधरा मिनिटं न अडखळता विषय मांडता आला पाहिजे. त्याची तालीम आरशासमोर करू नका, शेजारच्या बारावीच्या मुलासमोर करा. त्याला कळलं तर समितीला कळेल.

मुलाखतीत काय विचारतात?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. तेव्हापासून जुनी ३०२ आणि ४२० ची कलमं सांगणारा उमेदवार पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. ५११ कलमांची दंड संहिता जाऊन ३५८ कलमांची न्याय संहिता आली, हे सगळेच पाठ करून येतात. पुढचा प्रश्न असतो तो असा: गुन्हेगारीशास्त्राच्या दृष्टीने यात नवं काय?

इथे बोलण्यासारखं बरंच आहे. न्याय संहितेने समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदा आणली. पहिल्यांदाच चोरीत सापडलेला, माल ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा आणि तो परत केलेला, अशा माणसाला तुरुंगाऐवजी समाजसेवा देता येते. मग विचारा स्वतःला, ही सेवा कुठे करायची, तिच्यावर देखरेख कोणाची, गावात त्याला झाडू मारताना बघितल्यावर शिक्का पुसतो की गडद होतो? लेबलिंगचा सिद्धांत, म्हणजे गुन्हेगार असा शिक्का बसला की माणूस तसाच होत जातो हा विचार, इथे आपोआप येतो. तो वेगळा पाठ करून म्हणायची गरज राहत नाही. तसंच ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, ही सुरक्षा संहितेतल्या कलम १७६(३) मधली तरतूद. ती राज्यांनी पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. लोंढ्याजवळच्या जंगलातल्या गावात रात्री दोन वाजता तज्ज्ञ कुठून येणार, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. बहुतेकांनी कलम पुन्हा म्हणून दाखवलं. एका मुलीने पोलीस ठाण्यापासूनचं अंतर, रस्ता, पावसाळा, घटनास्थळ जपून कोण ठेवणार, हे सगळं मांडलं. कोणाला गुण जास्त मिळाले हे सांगायला नको.

आकडेवारीवरही प्रश्न येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी केंद्राची, म्हणजे एनसीआरबीची आकडेवारी नोंदलेल्या गुन्ह्यांची असते, घडलेल्या नव्हे. बेळगाव शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय आणि जिल्ह्याला वेगळे अधीक्षक, त्यामुळे 'बेळगावात गुन्हे वाढले' असं म्हणण्याआधी कोणतं बेळगाव हे विचारायला शिका.

संशोधनाचा विषय काय घेऊ? आमच्या भागात काय आहे?

काय नाही ते विचारा.

बेळगावच्या पश्चिमेला गोवा, दारूचे दर वेगळे, घाटातून काय येतं सगळ्यांना ठाऊक. उत्तरेला महाराष्ट्र, तिथला कायदा वेगळा. सीमा ओलांडली की एकच वस्तू कधी माल असते, कधी गुन्हा. २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ स्त्रीभ्रूण सापडले, त्या तपासाचे धागे कर्नाटकातही आले. दोन राज्यांच्या यंत्रणांमधल्या फटीत गुन्हा कसा वाढतो, यावर सीमाभागातल्या माणसाएवढं चांगलं कोण लिहील? सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर इथेच आहे. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी समर्पण बंदीचा कायदा केला, पण जत्रेला दोन्ही राज्यांतून लोक येतात.

आणि एक विषय, जो मला सगळ्यात जवळचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहती याच पट्ट्यात होत्या: विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर. विजापूरला स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने वसाहत सुरू केली. पुढे दलित आणि आदिवासींच्या प्रश्नांवरच्या १९३० च्या ज्या समितीला त्याचं नाव मिळालं तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. कायदा १९५२ ला गेला. हुबळीत 'सेटलमेंट' हे भागाचं नाव मात्र अजून आहे. गुन्हेगार जन्मतो असं म्हणणारा लोंब्रोसो तुम्ही इटलीच्या संदर्भात शिकवता. विद्यार्थ्याच्या घरापासून तासा-दोन तासांवर त्याच विचाराच्या भिंती उभ्या होत्या, हे का नाही सांगत? त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका कन्नड, मराठी आणि स्वतःची भाषा मिसळून बोलतात. ती मुलाखत घ्यायला दोन्ही भाषांचा माणूस लागतो. तो तुम्ही आहात.

हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात अभ्यास करायचा तर कारागृह विभागाची लेखी परवानगी लागते. ती लवकर मिळत नाही. पीएचडीचा विषय त्या एकाच परवानगीवर टांगू नका.

शोधनिबंध कुठे छापू? 'पैसे भरा, आठ दिवसांत छापतो' अशा जाहिराती येतात.

पुसून टाका. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणून आता कुठेही छापलं तरी चालतं असा गैरसमज पसरलाय. उलट, जबाबदारी आता तुमच्यावर आणि संस्थेवर आली. भारतीय गुन्हेगारीशास्त्र परिषद १९७० पासून आहे, तिचं स्वतःचं नियतकालिक आहे, तिच्या अधिवेशनात निबंध वाचा. समितीतले लोकही तिथेच भेटतात.

अतिथी म्हणून शिकवलेली वर्षं धरतात का? पगार किती?

नियमित सहायक प्राध्यापकाची सुरुवात सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये मूळ वेतनाने होते, वर महागाई भत्ता वगैरे. अतिथींसाठी यूजीसीने २०१९ मध्ये तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये सुचवले होते. प्रत्यक्ष हातात काय पडतं हे कोणत्याही अतिथी उपन्यासकाला चहाला बोलवून विचारा, चहाचे पैसे तुम्हीच द्या.

अनुभवाबाबत सांभाळून. कंत्राटी किंवा हंगामी सेवा धरताना तेव्हा तुमची पात्रता पूर्ण होती का, रीतसर निवड समितीतून नेमणूक झाली का, पगार नियमित शिक्षकाइतका होता का, हे बघतात. तासिकेवरची वर्षं इथेच गळतात. पीएचडीसाठी घेतलेल्या रजेचा काळही अध्यापन अनुभवात धरत नाहीत. रजा न घेता शिकवता शिकवता केली असेल तर तो काळ धरतात. म्हणून दरवर्षी जूनमध्ये नेमणूकपत्र, मार्चमध्ये अनुभव प्रमाणपत्र, दोन्ही त्याच वर्षी हातात घ्या. प्राचार्य बदलतात, कारकून बदलतात, फाइल वाळवीच्या तोंडी जाते.

वशिला लागतो का?

लागत नाही असं म्हणालो तर तुम्ही हे पान बंद कराल. सगळीकडे लागतो असं म्हणालो तर अभ्यास बंद कराल. पैसे मागणारा कोणी भेटला तर तो बहुधा समितीच्या आसपासही नसतो. ज्याची निवड स्वतःच्या गुणांवरच होऊ शकते त्याच्याकडून आगाऊ घ्यायचे, झाली तर ठेवून घ्यायचे आणि नाही झाली तर परत द्यायचे, हा त्यांचा धंदा. फसवणुकीचा हा प्रकार तुमच्याच विषयात मोडतो, निदान तुम्ही तरी फसू नका. छाननीचे गुण आणि नाकारल्याचं कारण माहितीच्या अधिकारात मागता येतं.

आम्ही विभागाकडून विचारतोय. जाहिरात काढताना काय पाहावं?

संलग्न विषयांची यादी स्पष्ट लिहा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. दहा मिनिटांचा वर्ग खऱ्या विद्यार्थ्यांसमोर घ्यायला लावा, समितीसमोर सगळेच नीट बोलतात. सहायक प्राध्यापकाकडे आठवड्याला १६ तासांचं प्रत्यक्ष अध्यापन येतं, मग मुलं ऐकतात का हे आधीच बघितलेलं बरं.

जाहिरात अजून निघालेली नाही. आज काय करू?

एक फाइल घ्या. दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, नेट किंवा के-सेटचं प्रमाणपत्र, ३ब किंवा जो असेल तो दाखला मुदतीसह, नावाचं शपथपत्र, अनुभवाची पत्रं, शोधनिबंधांच्या प्रती. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने लिहा, कर्नाटकचा की महाराष्ट्राचा. महाराष्ट्र लिहिलेला प्रत्येक कागद वर काढा आणि तो कर्नाटकात चालतो का, हे एकेक करून विचारून घ्या. पदव्या चालतात. सेट नाही, जातीचा दाखला नाही. मग उरलेला वेळ कन्नड वर्तमानपत्राला.